चौथ्या दिवशी चहा

आमच्या धंद्यातले किस्से घराबाहेर नेता येत नाहीत, म्हणून ते घरातच साठतात. शेजारच्या शिंदेवहिनींच्या शाळेत सकाळी काही गंमत झाली तर संध्याकाळपर्यंत ती देवास गावभर होते. माझी गंमत मात्र माझ्याच डोक्यात पडून राहते, आणि मग भाजी चिरताना मी एकटीच हसते. नवरा दारातून बघतो. तो मानसोपचाराचा डॉक्टर आहे, त्यामुळे त्याचं ते बघणं मला मुळीच आवडत नाही!

तेव्हा नावं-गावं बदलून आज थोडे किस्से मोकळे करते. डोक्यात जागा तरी होईल.

आधी आमची ओळख. ए.बी. रोडपासून जरा आत, एका भाड्याच्या बंगल्यात आमचं केंद्र. खाली पंधरा खाटा. त्यांवर दारू सोडायला आलेले, अफू सोडायला आलेले, आणि मन थाऱ्यावर नसलेले काही. वरच्या मजल्यावर आम्ही तिघं: श्रीकांत, मी आणि मुक्ता. श्रीकांत औषधं देतो, मी पेशंटांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलते. मी मानसशास्त्रात एम.ए. आहे. त्याचा घरात उपयोग असा, की मुक्ता नुसती शिंकली तरी मला त्यामागं तीन कारणं दिसतात आणि तिन्ही कारणांत चूक माझीच असते.

धारला माझी आई एकटी राहते. मुक्ता जन्मल्यापासून तिचं एकच म्हणणं: "पोर माझ्याकडे दे." फोनवर तेच, पत्रात तेच. "आमचे आजेसासरे दरबारात होते गं. आणि त्यांची खापरपणती दारुड्यांच्या अंगणात घसरगुंडी खेळते!"

मुक्ता साडेतीन वर्षांची झाली तेव्हा मी आईला कबूल करून बसले. केंद्रातलं काही एक जरी पोरीच्या अंगी लागलेलं दिसलं, तर जूनपासून ती धारला, आजीजवळ, तिथल्याच शाळेत. कबूल का केलं? कारण आतून मलाही तीच भीती होती. आईचं चूक आहे हे मला दाखवून देता येत नव्हतं, आणि माझं बरोबर आहे असं मला आयुष्यात कधी वाटलेलं नाही.

त्या दिवसापासून मी मुक्ताच्या मागे मागे फिरायला लागले, आणि मुक्ता भियांच्या.

* * *

भिया म्हणजे आमचं फाटक. दहा वर्षं ट्रक चालवला, तेवढीच वर्षं दारू प्यायले, आणि आमच्याकडच्या पहिल्या पेशंटांबरोबर जे सुटले ते इथंच राहिले. इकडे भैयाला भिया म्हणतात; त्यांचं खरं नाव फक्त रेशनकार्डाला ठाऊक.

फाटकाचा नियम साधा. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकानं भियांच्या नाकासमोर "हाऽ" करायचं आणि पिशवी उघडून दाखवायची. प्रत्येकानं म्हणजे प्रत्येकानं. श्रीकांत धारची ओपीडी करून परत आला की तोही वाकून "हाऽ" करतो. मी कोथिंबीर आणायला गेले असले तरी मीही.

एकदा एका पेशंटचा भाऊ आला. हातात टेकरीवरच्या देवीचा प्रसाद. नारळ, लाल कापड, वर जास्वंदीचं फूल. भियांनी आधी हात जोडले, मग नारळ उचलून कानाशी हलवला.

भाऊ भडकला. "माता का परसाद है भिया! हाथ जोड़ो, हिलाओ मत!"

"जोड़ लिए," भिया म्हणाले, आणि नखानं नारळाचा एक डोळा खरवडला. आत मेण! मेण निघालं तसा असा काही वास सुटला की जास्वंदीनं मान टाकली असेल.

"परसाद तो असली है," भिया शांतपणे म्हणाले. "बस पानी बदल गया."

भाऊ नारळ घेऊन निघून गेला. मी थक्क! "भिया, तुम्हाला कळलं कसं?"

"भाभीजी," भिया जरा लाजले, "ये तरकीब मेरी ही निकाली हुई है."

वर म्हणाले, "अपने को क्या! खुद माता आएगी तो उसकी भी थैली देखूँगा. पाँव बाद में पडूँगा."

हे सगळं चाललं होतं तेव्हा मुक्ता त्यांचं बोट धरून उभी होती. मला वाटलं, तिचं लक्ष जास्वंदीच्या फुलाकडे आहे.

* * *

नवा पेशंट आला की पहिले तीन दिवस ओरडतो. खाट टोचते, डाळ पातळ आहे, डॉक्टर कसाई आहे, बायकोनं कट केलाय. चहा दिला तर "हा काय चहा आहे?" म्हणून तसाच ठेवतो. मी सुरुवातीला घाबरून जायचे. पुस्तक काढून बघायचे की आपण कुठं चुकलो.

भिया पुस्तक बघत नाहीत. "भाभीजी, तीन दिन चिल्लाएगा. चौथे दिन खुद चाय माँगेगा. तब समझो, आदमी आ गया."

आणि खरंच, बहुतेक वेळा तसंच होतं. तीन दिवस घर डोक्यावर घेतलेला माणूस चौथ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन हळूच म्हणतो, "चाय मिलेगी क्या?"

आमच्या निंबाला रुळाचा एक तुकडा टांगलेला आहे. जेवणाला त्यावर चार टोले पडतात. पण कुणी असा आपण होऊन चहा मागितला, की भिया एकच टोला देतात, आणि जो जिथं असेल तिथून टाळ्या वाजवतो. न्हाणीघरातूनसुद्धा! ज्याच्यासाठी ही घंटा वाजली त्याला मात्र कुणी काही सांगत नाही. त्याचं त्याला कळतं, दुसऱ्या कुणासाठी वाजते तेव्हा.

त्या पहिल्या तीन दिवसांत माणसं जे बोलतात ते लिहायला मी एक वही केली आहे. "मी विकत घेऊन कधीच पीत नाही." "मला सवय नाही, माझ्या शरीराला आहे." तिच्यात माझं सर्वांत आवडतं वाक्य सोनकच्छच्या एका मिठाईवाल्याचं.

"मेडमजी, मैं तो सिर्फ शादी में पीता हूँ."

"और जिस दिन शादी न हो?"

त्यानं माझ्याकडे कीव करून बघितलं. "मेडमजी, हिंदुस्तान में रोज कहीं न कहीं शादी है!"

* * *

पीथमपूरच्या एका कारखान्यातले सुपरवायझर आले होते. आपलेच, नोकरीसाठी साताऱ्याकडून आलेले. त्यांना आपण जोशी म्हणू. दारू सोडायला ते एका पायावर तयार, पण कॉलनीत कळता कामा नये! दोघा नवरा-बायकोंनी मिळून ठरवलं, सांगायचं की पुण्याला एकवीस दिवसांचं ट्रेनिंग लागलंय.

जोशी सुटकेस, टाय आणि एक मोठं इंजिनिअरिंगचं पुस्तक घेऊन आमच्याकडे दाखल झाले. पुस्तक भियांनी पान अन् पान उलगडून तपासलं. तीन दिवस जोशी ओरडले, चौथ्या दिवशी चहा मागितला, एकविसाव्या दिवशी टाय लावून घरी गेले.

महिन्याभरानं जोशीवहिनी आल्या. बरोबर कॉलनीतल्या आणखी दोन बायका. मला वाटलं, बोभाटा झाला, आता त्या आम्हाला फैलावर घेणार! पण वहिनींनी डोळ्यांनीच खूण केली की काही बोलू नका.

बायका माझ्यासमोर बसल्या. एकीनं विचारलं, "जोशीभाऊजी आता शिफ्टची बस आली की सरळ घरी येतात. मुलांचा अभ्यास घेतात. परवा तर गवार निवडत बसले होते. ते पुण्याचं ट्रेनिंग तुमच्या ओळखीतून मिळालं म्हणे?"

मी जोशीवहिनींकडे बघितलं. त्या छताकडे बघत होत्या.

"हो," मी म्हटलं. "म्हणजे, तसंच काहीसं."

"आमच्या ह्यांची कंपनी दुसरी आहे. चालेल?"

"चालेल."

दुसरी पुढं सरकून हळूच म्हणाली, "ते एकवीस दिवसांचंच असतं, का मोठा कोर्सही आहे? आमच्या ह्यांना मोठा लागेल."

* * *

दर गुरुवारी श्रीकांत धारला ओपीडी घ्यायचा, आईच्याच घराच्या बाहेरच्या खोलीत. आई म्हणायची, "पेशंट माझ्या ओसरीवर चालतील. नात त्यांच्या ओसरीवर नको."

आम्ही पाटी लावली, 'मानसिक रोग एवं नशामुक्ति परामर्श'. तीन गुरुवार कुणी आलं नाही. एक गाय आली.

चौथ्या गुरुवारी आईनं पाटी उतरवून दुसरी लिहून आणली: 'नींद, सिरदर्द, घबराहट'. त्या दिवशी चपला ठेवायला जागा उरली नाही! "जावईबापू, रोगाचं नाव काढलं की माणूस पळतो," आई म्हणाली. "झोपेचं म्हणावं. झोप काय, घरंदाज माणसालाही लागत नाही." आणि दाराआडून पेशंटांना चहा पाठवायला लागली.

एका गुरुवारी मीही मुक्ताला घेऊन गेले होते. खोलीत एक गृहस्थ तपासणी उरकून बसलेले. दुसरे आत शिरले. दोघंही जागच्या जागी थिजले. एकाच्या मुलाचं दुसऱ्याच्या मुलीशी पंधरा दिवसांनी लग्न!

"आप यहाँ?"

"मैं तो... किराये का मकान देखने आया था. आप?"

"मैं भी. मतलब, मकान मालिक से मिलने."

दाराआडून आईचा आवाज आला, "मकान किराये से देना ही नहीं है!"

दोघं शेजारी शेजारी बसले. भिंतीकडे बघत. मला वाटलं, आता लग्न मोडतंय. मुक्ताला मी जवळ ओढलं. शेवटी मुलाचे वडील भिंतीलाच म्हणाले, "आपको भी वो छाती में धक-धक होती है क्या?"

"हओ. सुबह-सुबह. जब से शादी तय हुई है."

"मेरे को भी!"

मग जी गट्टी जमली! निघताना मुलीचे वडील हसत हसत म्हणाले, "कुंडली में इक्कीस गुण मिले थे समधीजी. ये बाईसवाँ."

* * *

हा किस्सा माझ्यावरच आहे, पण सांगते.

मुक्ता जिन्याखाली बसून कुणाशी तरी बोलायला लागली. "चिंगी, इथं बस. चिंगी, हात धू." जिन्याखाली कुणी नव्हतं. कोणत्याही आईनं हसून सोडून दिलं असतं. मी एम.ए. आहे! मी तक्ता केला. किती वाजता बोलते, किती वेळ बोलते, आवाज चढतो का. चार दिवसांचा तक्ता श्रीकांतपुढं ठेवला.

"साडेतीन वर्षांची मुलं बोलतात गं," तो म्हणाला, आणि माझ्या तक्त्यावर आपला चहाचा कप ठेवला.

माझं समाधान झालं नाही. मला आईचाच आवाज ऐकू येत होता, पोरीच्या अंगी लागलं की नाही?

तेव्हा आमच्याकडे नेमावरचे एक गुरुजी होते, निवृत्त मास्तर. त्यांना आवाज ऐकू यायचे. औषधानं बरेच कमी झाले होते. मी जिन्यावर तक्ता घेऊन बसलेली बघून ते जवळ आले.

"ताई, पोरीची काळजी करताय ना? नका करू. काल मी स्वतः चौकशी केली."

"कुणाची?"

"चिंगीची. मुक्ताला विचारलं, तुझी चिंगी काय काय बोलते? ती म्हणाली, मी सांगते तेवढंच. म्हटलं, आणि गप्प बस म्हटलंस तर? म्हणाली, गप्प बसते." गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "ताई, खरं दुखणं असतं तर गप्प बसलं असतं का? माझ्या आवाजांना तर वीस वर्षं सांगतोय, बसत नाहीत."

मी तक्ता फाडला. इतकं सरळ निदान मला दोन वर्षांच्या एम.ए.त कुणी शिकवलं नव्हतं.

चिंगीतून मुक्ता सुटली आणि मी निर्धास्त झाले. तिथंच फसले.

* * *

धारला माझ्या मामेबहिणीचा साखरपुडा होता. आईच्याच अंगणात मांडव. सकाळचे अकरा. नवरदेवाकडची मंडळी दोन गाड्यांतून उतरली. बायका कुंकवाचं तबक घेऊन पुढं होणार, इतक्यात मुक्ता फाटकात जाऊन उभी राहिली. परकर-पोलकं, केसात अबोलीचा गजरा. पहिल्या पाहुण्यापुढं हात आडवा केला.

"हाऽ करो."

पाहुण्यांना वाटलं, काय गोड पोर आहे! वाकून त्यांनी "हाऽ" केलं. मुक्तानं नाक पुढं केलं, विचार केला आणि म्हणाली, "जाओ."

मग काय, सगळ्यांनाच गंमत वाटली. नवरदेवानं केलं. त्याच्या वडिलांनी केलं. भटजींनीही केलं! रांगच लागली. मी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला, हातात पेढ्यांचं ताट. मला धड धावता येईना, धड ओरडता येईना.

रांगेत शेवटी नवरदेवाचे थोरले काका. पांढरा सफारी, अत्तर. पुढचे आठ जण "हाऽ" करून आत गेलेले त्यांनी बघितले. मुक्ता वर बघत होती.

"गाडीत काहीतरी राहिलं वाटतं," काका म्हणाले, आणि मागं वळले.

पंगती उठेपर्यंत त्यांना ते सापडलं नाही!

इतक्यावर भागलं असतं तर निभावलं असतं. आत नवरदेवाच्या आईनं मुलीची ओटी भरायला घेतली. खण, तांदूळ, नारळ. सगळ्या बायका कौतुकानं बघताहेत. मुक्तानं मधेच हात घालून नारळ उचलला, कानाशी नेऊन हलवला, वास घेतला, आणि ओटीत परत ठेवून मोठ्यानं म्हणाली, "असली है."

आई मला माजघरात घेऊन गेली. ओरडली नाही. तेच वाईट होतं.

"माधुरे, तू शब्द दिला होतास. मी सोमवारी येते. तिची बॅग भरून ठेव."

* * *

बॅग मी तीनदा भरली आणि दोनदा रिकामी केली. सात फ्रॉक, स्वेटर, रेनकोट. रेनकोट भरताना कळलं की आपण पावसाळ्यापर्यंतचा विचार करतोय. मग जिन्याशी बॅग ठेवून दिली. श्रीकांत म्हणाला, "तुला नको असेल तर नाही म्हण ना." नाही म्हणायला आपलं बरोबर आहे असं वाटावं लागतं. मला साखरपुड्यातला नारळ दिसत होता.

सोमवारी अकराला आई इंदूरहून बस बदलून आली. हातात फुगलेली कापडी बॅग. भिया स्टुलावरून उठले. "आईसाहब, पधारो." फाटक सताड उघडलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. ना "हाऽ", ना पिशवी.

मुक्तानं त्यांचा सदरा ओढला. "भिया, थैली?"

"अरे, ये तो आजी हैं."

"माता आएगी तो?"

भिया जमिनीकडे बघायला लागले.

मुक्तानं मग स्वतःच मांडी घातली आणि आजीची बॅग पुढं ओढली. आईला हसू आलं. "बघ हो बघ, काय काय आणलंय आजीनं तुझ्यासाठी." मुक्ता एकेक काढून पायरीवर मांडायला लागली. लाडवांचा डबा. पातळं दोन. शाल. जपाची माळ. पितळेची सुपारीची डबी.

डबी तिनं कानाशी नेली आणि हलवली.

"सुपारी नहीं है."

"ठेव ती," आई म्हणाली. आवाज बदलला होता.

पण झाकण निघालं होतं. आत घडी घालून कोंबलेली गोळ्यांची पाकिटं, एकावर एक. भियांनी बघितली. मी बघितली. तीच पाकिटं आमच्याकडे खाली कपाटात कुलपात असतात.

"गुडघ्यांची आहेत," आई म्हणाली.

श्रीकांत ओपीडीतून बाहेर आला होता. तो पायरीवर मुक्ताशेजारी बसला. "आई, झोपेच्या आहेत. केव्हापासून घेताय?"

"घेते म्हणजे काय रोज घेते का मी?" आई उसळली. "फक्त रात्री घेते!"

असलं वाक्य ऐकलं की माझा हात वहीकडे जातो. त्या दिवशी गेला नाही.

"हे गेले तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिल्या होत्या," आई म्हणाली. "पंधरा दिवसांसाठी."

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुक्ताच्या शिंकेत तीन कारणं शोधणारी मी, दर गुरुवारी तिच्याच ओसरीवर 'नींद'ची पाटी लावून बसणारा श्रीकांत, आणि दाराआडून चहा पाठवणारी ती.

आईनं डबी उचलून श्रीकांतच्या हातात ठेवली. "घ्या. नको मला. आजपासून एकही घेत नाही. मी काय तुमच्या ह्या लोकांतली आहे?"

"एकदम नाही सोडायच्या आई, ते धोक्याचं आहे. थोड्या थोड्या कमी करत आणू. पण मला रोज बघावं लागेल."

"म्हणजे?"

"म्हणजे काही दिवस इथं राहावं लागेल."

"मी मुक्ताला न्यायला आलेय!"

"हो तर," श्रीकांत म्हणाला. "तिची तयारी होईपर्यंत राहा."

भियांनी आईची बॅग भरून उचलली. जिना चढताना मुक्ताच्या कानाशी काही पुटपुटले, आणि मुक्तानं तीन बोटं वर करून मला दाखवली.

पहिल्या दिवशी गादी टोचत होती. देवासचं पाणी खारट होतं. माझे केस विस्कटलेले होते आणि माझा संसारही. मी चहा नेला तर म्हणाली, "ह्याला चहा म्हणतात? आमच्याकडे गडीमाणसंसुद्धा पीत नाहीत असला." तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी श्रीकांतचा मोठा आवाज, भिंतीचा रंग, वरणातला हिंग. मावशीला फोन करून सांगितलं की मला फसवून ठेवून घेतलंय. चहा सायीसकट गार झाला.

तिसऱ्या दिवशी तिनं जिन्याशी ठेवलेली मुक्ताची बॅग उचलली, मुक्ताचा हात धरला आणि खाली उतरली. मी गॅलरीत. भियांनी फाटक उघडून धरलं. "आईसाहब, इंदौर की बस अभी-अभी निकली. अगली में मैं खुद बिठा दूँगा. तब तक बैठो." आणि आपलं स्टूल पुढं केलं. आई बसली. दरबारी मराठीत तिनं भियांचा जो उद्धार केला! भियांना त्यातलं अक्षर कळलं नसावं. ते दर वाक्याला "हओ आईसाहब" म्हणत होते. मुक्ता मातीत रेघोट्या ओढत होती. एक बस गेली. "ये वाली?" भियांनी विचारलं. आईचं बोलणं संपलं नव्हतं. दुसरी गेली. तिसरी गेली. मग आई उठली, बॅग भियांच्या हातात दिली आणि मुक्ताला घेऊन जिना चढून वर आली.

चौथ्या दिवशी सकाळी उठले तर जिन्याशी मुक्ताची बॅग उघडी, रिकामी. मी गॅलरीत धावले. खाली अंगणातल्या दोरीवर, पेशंटांच्या पायजम्यांच्या मधोमध, मुक्ताचे सातही फ्रॉक वाळत होते. रेनकोटसुद्धा धुतला होता.

मी स्वयंपाकघरात गेले, दूध तापत ठेवलं. मुक्ता फरशीवर बसून बिस्किट बुडवत होती. दारात आई येऊन उभी राहिली. अंघोळ झालेली, केस ओले, पदर खोचलेला. इकडे तिकडे बघितलं.

"अगो, चहा मिळेल का? अर्धा कपच."

मुक्तानं बिस्किट दुधात सोडलं आणि गॅलरीकडे सुसाट पळाली.

"भिया! आजी ने चाय माँगी!"

खाली निंबाला एकच टोला पडला. मग व्हरांड्यातून, पाण्याच्या टँकरपुढल्या रांगेतून, न्हाणीघरातून टाळ्या.

आईनं कप हातात घेतला, एक घोट घेतला आणि खिडकीतून खाली डोकावली.

"काय गं माधुरे, सकाळी सकाळी घंटा कसली? कोण आलं?"